स्वेटरात गुंडाळलेलं पाणी

आज बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायला काडी ओढली आणि गंधकाचा वास आला. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांचा वास असाच होता. आईचे गुडघे धरलेले, तिला एसटीत चढता येईना, म्हणून पप्पांनी तिच्यासाठी कुंडाचं पाणी कॅनमध्ये भरलं. अंगातला स्वेटर काढून कॅनला गुंडाळला आणि दोन एसट्या बदलून अंबरनाथपर्यंत स्वतः कुडकुडत आले.

घरी पाणी टबात ओतलं. आईने पाय बुडवून डोळे मिटले. "अजून कढत आहे हो."

पप्पा खुलले. मी हळूच बोट बुडवलं, तर पाणी गारढोण. आईने डोळे किलकिले करून नजरेनेच मला गप्प केलं.

आता माझेही गुडघे दुखतात. गिझरचं पाणी टबात घेते आणि ते पार गार होईपर्यंत पाय बुडवून बसते.