मांडीवर विसावलेला हात

श्यामसुंदर कर्णिकचं मनगट दुखायला लागलं तेव्हा त्याने दोष दिला माऊसला. घाटकोपरच्या एका कचेरीत तो इमारतींचे नकाशे काढायचा. आधी बोर्डावर काढायचा, मग कॉम्प्युटरवर आला, आणि तेव्हापासून उजवा हात दिवसभर त्या माऊसवर. बायकोने, क्षमाने मात्र दोष दिला मोटरसायकलला.

"सुट्टी मिळाली की ते हँडल धरून बसतोस. आता पन्नाशी उलटली रे तुझी. हात काय म्हणेल?"

मोटरसायकल हा त्याच्या आयुष्यातला एकमेव हट्ट. एरवी तो इतका गप्प माणूस की मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत कित्येकांना त्याचा आवाज ठाऊक नव्हता. मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसायचा आणि सगळे हात वर करतील तेव्हा करायचा. पण ठाणं मागे पडून रस्ता मोकळा झाला की हेल्मेटच्या आत तो गायला लागायचा. बाहेर काही ऐकू यायचं नाही. मागे बसलेली क्षमा त्याच्या पाठीला टेकली की तिला ते गाणं कळायचं. लेक सई बंगळुरूला नोकरीला गेल्यावर दोघं जास्तच फिरू लागली. नकाशा पसरायचा, लांबचं एखादं गाव शोधायचं आणि निघायचं.

दुखणं वाढलं तसं त्याने नेव्हिलला गाठलं. नेव्हिल मूळचा मनोरीचा. अंधेरीत त्याचं मोटरसायकलच्या सामानाचं दुकान होतं. कॉलेजच्या दिवसांपासून दोघांनी मिळून पुष्कळ रस्ते तुडवले होते. नेव्हिलने ड्रॉवरमधून धातूची एक छोटी कडी काढली. तिच्यावर दोन बटणं होती.

"थ्रॉटल लॉक," तो म्हणाला. "अ‍ॅक्सिलरेटरच्या मुठीला बसवायचा. अंगठ्याने हे दाबलंस की मूठ पिळली असेल तिथंच थांबते. हे दुसरं दाबलंस की सुटते. मधल्या वेळात तुझा हात मोकळा. पण ऐक, गाडी स्वतः काय सांभाळत नाय हा. चढ आला की मंदावणार, उतारावर पळणार. सरळ, रिकामा रोड असला तरच लावायचा. घाटात नाय, ट्राफिकमध्ये नाय, पावसात तर हातच लावू नको."

"आणि ब्रेक दाबायची वेळ आली तर?"

"तर हात परत मुठीवर. लांब कशाला ठेवतोस? मांडीवर ठेव, मस्त."

दिवाळीनंतर ती दोघं कच्छला गेली. खावड्याहून धोळावीराकडे जाणारा तो रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र मीठ आणि समोर चिटपाखरू नाही. श्यामसुंदरने लॉक दाबला आणि हात उचलून हवेत धरला. गाडी तशीच चालत राहिली. मनगटातली कळ हळूहळू उतरली, बोटांत वारा शिरला, आणि तो लहान मुलासारखा हसला. मग त्याने हात मागे नेऊन क्षमाचा हात धरला. इतक्या वर्षांच्या प्रवासात हे कधी झालं नव्हतं, कारण चालत्या गाडीवर त्याचा हात कधी रिकामाच नसायचा. बराच वेळ दोघं तशीच गेली.

फार पुढे, सगळं कळून चुकल्यावर, क्षमाने त्याला सांगितलं की त्या दिवशी धरलं होतं ते तिनेच. त्याची बोटं तिच्या हातात नुसती पडून होती.

परतल्यावर मनगट दुखायचं थांबलं. श्यामसुंदर खूश झाला. शर्टाचं वरचं बटण लागेना, तर त्याने काज घट्ट झालंय म्हणून सोडून दिलं. कुलपात किल्ली फिरेना, तर कुलपात तेल घातलं. ऑफिसात माऊस डाव्या हाताला घेतला आणि सवय होईल म्हणाला. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसाचा उंचवटा बसत चालला होता, आणि दंडात कातडीखाली काहीतरी फडफडायचं, मासळी वळवळावी तसं. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं, नस दबली असेल म्हणाले आणि पट्टा दिला. पट्टा बांधून तो गाडी चालवू लागला आणि लॉक जास्त जास्त वापरू लागला. पहाटे पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा असायचा, तिथेही. नेव्हिलने बजावलेलं त्याला आठवत होतं. म्हणूनच हे त्याने नेव्हिलला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत दोघं बदामीला निघाली. धारवाडच्या अलीकडे हायवे लांबच लांब पसरला होता. लॉक लावलेला, हात मांडीवर. पुढे उसाच्या मोळ्यांनी भरलेला ट्रॅक्टर डावीकडून एकाएकी रस्त्यावर आला.

श्यामसुंदरने हात मुठीवर नेला. अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला. काही झालं नाही. त्याला वाटलं बटण अडकलंय. मूठ उलटी पिळायला गेला तर तळवा नुसता रबरावरून घसरला. ब्रेककडे बोटं लांब केली. ती ब्रेकवर पोचली, पण वळली नाहीत. आपल्याच हाताकडे तो परक्याच्या हाताकडे बघावं तसा बघत होता, आणि ट्रॅक्टर जवळ येत होता.

"श्याम!" क्षमा ओरडली.

डाव्या हाताने त्याने क्लच ओढला आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक रेटला. इंजिन मोकळं सुटून किंचाळू लागलं. मागचं चाक आडवं झालं, सावरलं, आणि गाडी रस्त्याकडेच्या मातीत जाऊन थांबली. थांबली तरी इंजिन ओरडतच होतं. शेवटी क्षमाने मागून वाकून किल्ली फिरवली. त्यानंतरची शांतता त्याला सहन होईना.

क्षमा उतरली, पुढे आली आणि तिने लॉकचं बटण बोटाने दाबलं. टक् करून सहज सुटलं. दोघांनी ते पाहिलं.

गाडी टेम्पोत घालून मुंबईला आणली. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात दंडात, हातात, पायातही सुया टोचून नसांची तपासणी झाली. तिथल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाई वयाने तरुण होत्या. त्यांनी आधी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच श्यामसुंदरला अंदाज आला.

"स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात, असा हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "सुरुवात हातापासून झालीय. पुढे सरकेल. थोडा लांबवता येतो, थांबवता येत नाही."

"पण मधे हात बरा झाला होता," श्यामसुंदर म्हणाला. "थ्रॉटल लॉक लावल्यापासून दुखतच नव्हता."

बाईंनी तो लॉक म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दुखणं होतं ते ताणाचं. ताण गेला, दुखणं गेलं. हाताला काम उरलं नाही, म्हणून त्याची कमजोरी तुम्हाला जाणवली नसावी."

"आधी कळलं असतं तर?" क्षमाने विचारलं.

"फार फरक पडला नसता."

हे वाक्य क्षमाने ऐकलं, पण तिला राग कुणावर तरी काढायचाच होता. नेव्हिल घरी आला तेव्हा ती दारातच म्हणाली, "तुझ्या त्या खेळण्याने वाट लावली आमची. दुखत राहिलं असतं तर तो वेळेवर दाखवायला तरी गेला असता."

नेव्हिल एवढा धिप्पाड माणूस, पण चपला काढता काढता तिथेच उभा राहिला. मग आत येऊन श्यामसुंदरच्या पायाशी बसला आणि रडायला लागला. "मीच बसवला ना रे तो. माझ्या हाताने."

श्यामसुंदरला सांत्वन करता येत नसे. आयुष्यात त्याने कुणाचं केलं नव्हतं.

"डॉक्टरांनी वर्षभर आधी सांगितलं असतं," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तर वर्षभर आधी घरात बसलो असतो. कच्छ बघितलं नसतं. रडू नकोस, नेव्हिल. हिलाही रडू येतं मग."

क्षमा स्वयंपाकघरात निघून गेली. चहा मात्र तिने तिघांचा केला.

गाडी उन्हाळ्यात विकली. गिऱ्हाईक आलं तेव्हा श्यामसुंदर खाली उतरला नाही. दिवाळी आली तोवर डावा हातही गेला आणि त्याला भरवावं लागू लागलं. सई नोकरी सोडून येते म्हणाली, त्याने नको म्हणून सांगितलं. तरी ती महिन्यातून एकदा येई आणि परत जाताना जिन्यात उभी राहून डोळे पुसून घेई. हे त्याला ठाऊक होतं, कारण तिची पावलं खाली पोचायला फार वेळ लागे.

हिवाळ्यात नेव्हिलने गाडी ठरवून दोघांना मार्वेला नेलं. पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीत श्यामसुंदरला चाकांच्या खुर्चीसकट चढवायला चौघं धावून आले. मनोरीला नेव्हिलच्या घराच्या ओट्यावर त्याला उन्हात बसवलं. दोरीवर बोंबील वाळत होते, वारा खारट होता. नेव्हिल आत मासे तळत होता.

श्यामसुंदर काहीतरी बोलला. गेल्या काही आठवड्यांत जीभ जड झाली होती. बाहेरच्यांना त्याचं बोलणं समजत नसे. क्षमा ऐके आणि त्यांना सांगे.

"काय म्हणालास?" ती जवळ वाकली.

तो पुन्हा बोलला. तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली, मग पटकन चेहरा मोकळा केला.

"हो ना," ती म्हणाली. "खरंच."

तिला कळलं नव्हतं. श्यामसुंदरच्या ते लगेच लक्षात आलं. तिसऱ्यांदा सांगावंसं त्याला वाटलं, पण ती हसरा चेहरा करून त्याच्याकडे बघत होती, आणि तो चेहरा तिने किती कष्टाने धरून ठेवलाय हे त्याला दिसत होतं. त्याने मान हलवली, तिला बरोबर समजलं अशी. मग ती त्याच्या गुडघ्यावरची शाल नीट करू लागली, आणि तो समुद्राकडे बघत राहिला.