नत्थुजींच्या पोटातला फुगा

दर्यापूरजवळच्या एका गावात नत्थुजी भाजी पिकवतात. त्यांची वांगी नावाजलेली, पण त्यांच्या खाण्याचं नाव त्याहून मोठं. गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या पंगतीत वाढणारे त्यांच्या पानापाशी टोपलंच ठेवून पुढे जायचे. शेवटी गुडघ्यांनी जवाब दिला. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. त्यासाठी त्यांनी तोंडावाटे दुर्बीण घालून पोटात एक फुगा बसवला, त्यात निळं पाणी भरलं आणि बजावलं, "सहा महिन्यांनी काढायला या. मध्येच लघवी निळी-हिरवी झाली, तर फुगा गळतोय समजा आणि ताबडतोब या."

हे फक्त बायकोला, आशाबाईंना माहीत. नत्थुजींची भूक पळाली, पोट ओसरलं. लोक विचारत, "काय केलं जी?"

"पहाटे उठून चालतो," नत्थुजी गंभीरपणे सांगत.

शेजारच्या श्रावणने ते मनावर घेतलं. तो रोज कालव्यापर्यंत चालत जाऊ लागला. नत्थुजी "माझं झालं चालून" म्हणत खाटेवरून त्याला सल्ले देत.

या कौतुकात फुगा काढायची तारीख टळली. आशाबाईंनी आठवण करून दिली की नत्थुजी म्हणत, "राहू दे वं. तो काय खाले मागते?"

एका सकाळी वांग्यांवर फवारणी करताना ते बांधाआड गेले आणि बोंबलतच परत आले. "अवं आशे, मले औषध चढलं! निळी झाली!"

"औषध नाई चढलं, फुगा फुटला तुमचा. चला लवकर!"

गाडी श्रावणकडेच होती. वाटेत सगळं सांगावं लागलं. श्रावणने आरशातून नत्थुजींकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी चिखल तुडवून राहिलो, अन् तुमी फुगा घेऊन खाटेवर?"

"तुयं वजन उतरलं ना, बा?"

"उतरलं."

"मंग सल्ला खोटा होता काय?"

डॉक्टर चांगलेच रागावले. फुगा आतड्यात उतरून अडकला असता, तर पोट उघडावं लागलं असतं. नशिबानं तो जठरातच लुळा पडला होता, दुर्बिणीनंच निघाला. शुद्धीवर आल्यावर नत्थुजींनी तो पाहिला. "एवढासा?" म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

पुढे गुडघ्यांचं ऑपरेशन नीट झालं. गाव त्यांना 'फुगेवाले' म्हणतं. आता बाजारात ही गोष्ट ते स्वतःच सांगतात, पण ऐकणाऱ्यानं वांगी घेतल्याशिवाय शेवट सांगत नाहीत.