नैवेद्यातला दुधी

देवाला आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलीला मी एकदा एकाच वाटीत फसवलं. देवानं ते मनावर घेतलं की नाही, मला माहीत नाही. घेतलं असलं तरी त्यानं तसं कळवलं नाही. मुलीनं घेतलं. माझी नातवंडं मला लबाड आजी म्हणतात आणि मी ते मानानं मिरवते, पण ही एक लबाडी सांगताना अजून मला हसू येत नाही.

झाशीत ओरछा गेटच्या आत, एका बोळात आमचं घर होतं. उंबऱ्याबाहेर सगळी हिंदी आणि बुंदेली, आत मराठी. घरात आम्ही चौघंच: सासूबाई, कचेरीत कारकून असलेले हे, मी आणि मुलगी. मुलगी तीनच गोष्टी खायची. दूध-भात, तूप-साखर लावलेली पोळी आणि उकडलेला बटाटा. हिरवं काही ताटात दिसलं की ताटच दूर सारायची. संत्र्याचा रस बोटाला लागला तर मोरीवर जाऊन बोट चोळचोळून धुवायची. मी त्याला हट्ट म्हणायची. धाक घालून पाहिला, कावळा-चिमणी करून पाहिली, एकदा नाक दाबून पालकाचा घास कोंबला. तो घास माझ्याच पदरावर परत आला.

मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सीपरी बाजारातल्या डॉक्टरांनी बोटानं हिरडी दाबली, कापसाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "बहनजी, बच्ची के खाने में फल-सब्ज़ी लाइए. नहीं तो..." ते 'नहीं तो' त्यांनी तसंच सोडलं. घरी येईपर्यंत सायकलरिक्षात मी ते मनातल्या मनात शंभर तऱ्हांनी पुरं केलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मॅट्रिक झालेली आणि त्या शहाणपणाचा वास अंगाला अत्तरासारखा येणारी. सासूबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, म्हणून त्यांना काही विचारायचं माझ्या मनात आलं नाही.

त्यांची एक रीत होती. रोज दुपारी देवापुढे नैवेद्य ठेवताना वाटीत काय काय आहे ते मोठ्यानं सांगायच्या. "भात आहे, दूध आहे, साखर आहे. घे रे बाबा." जणू देव आंधळा आहे आणि त्याला कुणीतरी पान वाचून दाखवायला हवं! मला मनातून हसू यायचं. मुलगी मात्र शेजारी मांडी घालून ते नीट ऐकायची आणि ती नैवेद्याची वाटी मग शेवटच्या शितापर्यंत संपवायची. का संपवते, हे मला कधी उमगलं नाही. मला वाटायचं, प्रसाद म्हणून.

सासूबाई आठ दिवसांसाठी गुरसरायला बहिणीकडे गेल्या आणि नैवेद्य माझ्याकडे आला. माझ्या मॅट्रिक डोक्यात वीज चमकली. दुधी पांढरा, भात पांढरा, दूध पांढरं. दुधी वाफवून, वस्त्रगाळ करून मी भातात कालवला, वर दूध-साखर घातली. देवापुढे वाटी ठेवून सासूबाईंच्याच सुरात म्हणाले, "भात आहे, दूध आहे, साखर आहे."

मुलगी खाऊन गेली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी ह्यांच्यापुढे मी अशी काही चालत होते, जणू झाशीचा किल्ला मीच राखला.

चौथ्या दिवशीचा दुधी कडू होता. रोजच्या भाजीसाठी चिरताना आम्ही दुधीची चकती जिभेला लावून बघायचो, कडू निघाला तर गाईलासुद्धा घालायचा नाही. पण नैवेद्याचं उष्टं करता येत नाही. तो सोवळेपणा मी काटेकोर पाळला. देवाशी खोटं बोलायला मला चाललं, चाखायला चाललं नाही.

दुसऱ्याच घासाला मुलगी थांबली. "आई, यात काय आहे?"

"काही नाही गं. प्रसाद आहे. गिळ."

तिनं गिळला. माझ्याकडे बघत गिळला. अर्ध्या तासात तिला उलट्या सुरू झाल्या, त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या नाहीत. शेवटी नुसतं पाणी पडत होतं आणि माझ्या मांडीवर तिचं अंग चिंधीसारखं झालं होतं. डॉक्टर घरी आले. काय खाल्लं होतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला तिच्यासमोर दुधीचं नाव घ्यावं लागलं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

ती बरी झाली, पण दूध-भात सुटला. तीनातल्या दोनच गोष्टी उरल्या. पोळीसुद्धा ती आता उलगडून, उजेडाला धरून बघायची. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. मी जवळ वाटी घेऊन गेले की ओठ आत ओढून घ्यायची.

सासूबाई परत आल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या.

"ती वाटी ती का खायची, ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं. "त्या एका वाटीत काय आहे ते या घरात रोज सांगितलं जायचं, म्हणून. देवासाठी कसलं सांगत होते मी? देवाला दिसतं. तिच्यासाठीच तर सांगत होते."

त्यांनी पुढची वात हातात घेतली.

"आणि तू स्वतः कारलं कुठं खातेस? सहा वर्षं बघते आहे, पानाखाली दडवतेस."

त्या दिवसापासून घरातली रीत बदलली. चौघांच्या चारही पानांवर काय वाढलंय ते वाढताना मोठ्यानं सांगायचं. मुलीच्या पानात डाव्या बाजूला, जिथं चटणी-कोशिंबीर वाढतात तिथं, भाजीची एकच फोड ठेवायची. "डावीकडचं कुणी बघत नाही," सासूबाई तिला म्हणाल्या, "खा, नको खाऊ, नुसती राहू दे तिथं." आणि माझ्या डावीकडे कारल्याच्या दोन चकत्या. "सूनबाई, कारलं आहे बरं का," असं रोज मोठ्यानं सांगून. माझं तोंड वाकडं झालं की मुलगी टक लावून बघायची. मला वाटतं, त्या महिन्यातली तिची तेवढीच करमणूक होती.

कित्येक आठवडे फोडी तशाच उचलल्या गेल्या. मला रोज वाटायचं, आज म्हणू, एक घास घे ना गं. सासूबाई डोळ्यांनीच दटावायच्या.

थंडीत त्या तिला गेटाजवळच्या भाजीवालीकडे नेऊ लागल्या. ती म्हातारी मटारचा ढीग पुढे ओढून म्हणायची, "खाबे की को कै रओ, बिन्नू? बस छील दो." खायला कोण सांगतंय, पोरी, नुसत्या शेंगा सोल. मुलगी शेंगा सोलायची, दाणे रांगेत मांडायची, वास घ्यायची. एके दिवशी घरी येऊन तिनं मूठ उघडली. तीन दाणे होते. एक माझ्या तोंडात घातला, एक सासूबाईंच्या. तिसरा बराच वेळ हातात फिरवला आणि समोरच्या दातांनी, उंदरासारखा, अर्धा खाल्ला. मी पाठ फिरवून पोळी लाटायला लागले. पोळी कसली, नकाशा झाला.

मटारामागून गाजर आलं. उन्हाळ्यात काकडी, पुढल्या थंडीत पेरू. हिरड्यांचं रक्त थांबलं, फ्रॉक परत खांद्यावर बसला. पण दूध-भाताचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही नाही.

वर्षावर होऊन गेलं असेल. एका दुपारी नैवेद्य दाखवून सासूबाई उठल्या आणि मुलगी म्हणाली, "आज मी खाते. पण आईनं कालवायचा."

तिच्यासमोर बसून मी भात कालवला. "भात आहे," मी म्हणाले. "दूध आहे. साखर आहे."

"आणि?"

"आणि काही नाही."

"तू खा आधी."

मी खाल्ला. माझा घास नीट खाली उतरेपर्यंत ती बघत राहिली. मग वाटी ओढून घेतली, वास घेतला, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, वाटी पुसून संपवली. दुधाच्या मिशा हातानं पुसत ती मला म्हणाली, "आज खरं बोललीस. पण उद्या पण विचारणार मी, हं."