सुतळीची खाडी

नेरूळच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला खाडीकाठच्या सारसोळे गावातली एक मुलगी आली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात, तास संपल्यावर ती काठी टेकत माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, तुमी म्हणता, नदी इथून अशी वळते. इथून म्हंजे कुठून?"

तक्रार नव्हती ती. तिला खरंच हवं होतं. मी मात्र घरी पोचेपर्यंत ओशाळलेली. इतकी वर्षं मी तोंडानं कमी आणि बोटानं जास्त शिकवत होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी तिला नोट्सच्या पानांचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी ती हसतच आली. "मॅडम, माझा फोन सगळं वाचून दाखवतो. तुमचं पान आलं की नुसतं 'फोटो' म्हणतो आणि गप्प बसतो." तो रविवार टायपिंगमध्ये गेला. स्वयंपाक नवऱ्यानं केला, आणि आमटी चांगली झाली होती.

नकाशा उरलाच होता. पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून मी ठाण्याची खाडी काढली. किनारा, रस्ता, रेल्वे, सगळं. तिनं बोटं फिरवली आणि विचारलं, "मॅडम, ह्या शेवया हायेत का?" सगळ्या रेषा एकाच जाडीच्या. खाडी कुठली आणि रेल्वे कुठली, तिला कळावं कसं?

तिला न्यायला आलेले तिचे बाबा दारात उभे होते. खाडीत मासेमारी करणारे, मोजकं बोलणारे. त्यांनी पुठ्ठा न्याहाळला. "खाडी अशी सरल नाय, मॅडम. घरी नेऊ का?"

चार दिवसांनी ते स्वतः तो घेऊन आले. किनाऱ्याला जाड दोर, रस्त्याला बारीक धागा, गावागावाला एकेक गाठ, आणि पाणी होतं तिथं जाळ्याचा तुकडा. मुलीनं सारसोळ्याच्या गाठीवरून बोट हळूहळू दक्षिणेकडे नेलं. बाबांनी तिचं बोट धरून आणखी पुढं सरकवलं.

"बाबा, तुमी एवढ्या लांब जाता?"

"रोजच," ते म्हणाले. तिनं बोट बराच वेळ तिथून उचललं नाही. मी उगाचच हजेरीपट चाळत बसले.

वार्षिक परीक्षेत प्राचार्यांनी तिला नकाशा भरण्याऐवजी त्याचं वर्णन सांगायची मुभा दिली. तिनं सांगितलं, लेखनिक मुलीनं लिहिलं. भूगोलात ती वर्गात दुसरी आली.

पुढच्या जूनमध्ये कमी ऐकू येणारी एक मुलगी घाबरत स्टाफरूमच्या दारात आली. सोबत आमची सारसोळ्याची मुलगी होतीच. नव्या मुलीच्या कानाशी वाकून ती मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "टेन्शन नको घेऊ. तुला काय हवं ते मॅडमना सांगायचं. शिकतात त्या लवकर."