सोळा पॉइंट आठ सेकंद

कामोठ्यात गतिरोधकावर स्कूटर उडाली तेव्हा ती मी चालवत होतो आणि बायको मागे बसली होती. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, तिच्या नव्हतं. पनवेलच्या एका रुग्णालयात तिला आयसीयूत घेतलं. मेंदूत थोडा रक्तस्राव होता, ऑपरेशन लगेच करायचं नव्हतं, आणि ती डोळे उघडत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. डोक्याला जबर मार बसला की कधी कधी अंगातल्या सगळ्या रक्ताचं गोठणंच बिघडतं. म्हणून रक्त काढून ते गोठायला किती सेकंद लागतात ते पुन्हा पुन्हा बघायचं. वेळ वाढत गेली तर आतला स्राव वाढायची भीती. जागच्या जागी राहिली तर आशा धरायला हरकत नाही. "हे भविष्य नव्हे," त्या म्हणाल्या, "कल कळतो, इतकंच." पहिला आकडा आला चौदा पॉइंट चार सेकंद.

मग मी त्या आकड्यातच राहू लागलो. बाहेरच्या बाकावर दुपारी झोपही नसायची आणि जागही नसायची. डोळ्यांपुढे काचेची नळी यायची. कुणीतरी ती हलकेच कलती करायचं आणि मी मोजायचो. दहाच्या पुढे ती लाली सावकाश व्हायची. उन्हाळ्यात बायकोच्या माहेरची, आपट्याची नदी वाहते आहे की थांबली आहे ते काठावरून कळत नाही, तशी. चौदाला तिच्यात एक बारीक धागा धरायचा. मग पुन्हा एकपासून.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाचं मशीन बंद पडलं, म्हणून नमुना बाहेरच्या लॅबमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला: सोळा पॉइंट आठ. मी वजाबाकी केली. दोन पॉइंट चारने वाढ. आपट्याला सासूबाईंना पहिला आकडाही मी फोनवर सांगितला होता. आता पुन्हा लावला आणि एवढंच बोललो, "आकडा वाढलाय. निघा."

दुपारी त्या एसटीने आल्या. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. पिशवीच्या तोंडाशी हिरव्या लुगड्याची घडी दिसत होती. आमच्याकडे सवाष्ण गेली तर शेवटचं लुगडं माहेरचं असतं, आणि ते हिरवं. मी तसं काही म्हणालो नव्हतो. त्यांनी मात्र तेच ऐकलं होतं.

मी दोन्ही रिपोर्ट घेऊन नर्सकडे गेलो, डॉक्टरीणबाई कधी येतील ते विचारायला. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"काका, खालची ओळ वाचली नाहीत का?"

खाली कंट्रोल लिहिलेला होता, म्हणजे त्या त्या लॅबमध्ये निरोगी माणसाच्या रक्ताला लागणारा वेळ. रुग्णालयाचा बारा सेकंद, बाहेरचा चौदा. मी तिथेच उभ्याने भागाकार केला. दोन्हीकडे एक पॉइंट दोन. तेच गुणोत्तर शेवटच्या ओळीत छापलेलंही होतं. दोन वेगळ्या घड्याळांच्या वेळा मी एकमेकींतून वजा केल्या होत्या.

परत येऊन सासूबाईंच्या शेजारी बसलो. "आई, आकडा वाढलेला नाही. होता तिथेच आहे. चूक माझी झाली."

त्यांनी लुगड्याची घडी पिशवीत आत दाबली.

"सगळी वाट मी तिला हे नेसवत आले, जावयबापू," त्या म्हणाल्या. "पदर काय नीट बसत नव्हता."

भेटीच्या वेळी एकालाच आत सोडत; मी त्यांना पाठवलं. पिशवी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. ती वजनाला अगदी हलकी होती.

पुढचे आकडे एक पॉइंट एक, पुन्हा एक पॉइंट एक. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले, तेव्हा आम्हा दोघांनाही आत सोडलं. पलंगाशी आईला बघून अडखळत म्हणाली, "तू गं कशाला आलीस?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"मला काय ठाव," त्या म्हणाल्या. "जावयबापूंचा फोन आला. मी म्हटलं, जेवायला बोलावलं असेल."