साकीनाक्याचा रूळ

साकीनाक्याला मेट्रोच्या पुलाला लागून एका गाळ्यात पत्र्याची कामं करणारा म्हातारा बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याची ऐरण म्हणजे हातभर लांबीचा जुना रूळ. मधूनच तो हातोडी खाली ठेवतो आणि रुळावर पंजा टेकवून थांबतो.

माझ्या पिंपाचा पत्रा ठोकतानाही त्याने तेच केलं, तेव्हा मी विचारलं, "काका, हे काय?"

"अंधेरीहून ट्रॉम्बेला छोटी लाईन होती. आजोबा तिच्यावर गँगमन. गाडी येतेय का, ते असा हात लावून बघायचे. थोड्या वर्षांत लाईन बंद झाली, रूळ उखडले. इथून रेल्वे जायची हे कुणाला पटायचंच नाही, म्हणून त्यांनी हा तुकडा ठेवला."

मलाही पटलं नव्हतं, आणि माझ्या चेहऱ्याला काही लपवता येत नाही.

तो चिडला नाही. "मरेपर्यंत म्हणायचे, गाडी परत येणार. ठेवा हात."

मी ठेवला. गार लोखंडात बारीक थरथर जाणवली. शेजारच्या गाळ्यातल्या लेथ मशीनची असेल म्हणून वळून बघितलं, तर तिथे शटर बंद.

"आली," तो म्हणाला, आणि हातोडी उचलली. डोक्यावरून घाटकोपरची मेट्रो गेली.