विजेचा अर्धा धडा

माझी थोरली बहीण पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. आमच्या बेलापूरकडे अशा माणसाच्या वाट्याला दोन कामं येतात. कुणाला उसण भरली की त्याच्या कमरेला पाय लावायचा, आणि आभाळ गडगडलं की घरात बसायचं. पायाळूवर वीज पडते म्हणतात. आक्कानं लहानपणी अर्ध्या गावाच्या कमरेला लाथा घातल्या, त्यात सरपंचही सुटले नाहीत. पण ढग आले की आई तिला कोपऱ्यात पोत्यावर बसवायची, आणि आम्ही बाकीचे बाहेर गारा वेचायचो.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. अंधश्रद्धा दिसली की माझी जीभ वळवळते, हा जुना दोष. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आक्काच्या सासरी गेलो होतो. ढग भरून आले तशी सासूबाईंनी तिला आतल्या खोलीत पाठवलं. पन्नाशीची बाई, नातवंडं झालेली, आणि अंग चोरून भिंतीला टेकून बसलेली. मला राग आला.

"आक्का, तू कशी जन्मलीस ते विजेला कोण सांगणार?" मी म्हणालो.

"खरंच काय होत न्हाई?"

"पायाळू असल्यानं काही होत नाही."

हे वाक्य आजही बरोबर आहे, कुठल्याही पेपरात त्याला पूर्ण मार्क मिळतील. आक्का उठून दारात आली. जन्मात पहिल्यांदा तिनं डोळे उघडे ठेवून वीज पाहिली. "लई देखनी हाय रं," म्हणाली. मी मोठ्या रुबाबात चहा पिऊन घरी आलो.

पुढच्याच महिन्यात त्यांचा कांदा ट्रॉलीत भरून झाला आणि अवकाळी पाऊस चालून आला. एरवी आक्का घरात असती. त्या दुपारी ती ट्रॉलीवर चढून ताडपत्री ओढत होती. भाच्यानं खालून हाक मारली, "आई, उतर, घरी चल." ती म्हणाली, "मामानं सांगितलंय, काय होत न्हाई." ताडपत्रीचं एक टोक बांधायचं राहिलं होतं, तेवढ्यात वीज पडली.

हे मला भाच्यानं दहाव्याच्या दिवशी सांगितलं. "आजीला ह्यातलं काय बोललो न्हाई," एवढंच पुढं माझ्या आईकडे बघत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दिवस झाल्यावर आईला मी माझ्याकडे आणलं. चार-पाच दिवस गेले. मग एका सकाळी मेथी निवडताना म्हणाली, "तू येवढा शिकलेला. तिच्यावरच का पडली, सांग."

मला माहीत होतं ते सांगू लागलो. ढगात पहिली ठिणगी कशी पडते, हे शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं कळलेलं नाही. ढगातली वीज मोजली तर ठिणगी पडायला ती अपुरी भरते. म्हणून काहींना वाटतं, की दूर कुठंतरी तारा फुटतो, त्याचे बारीक कण इथवर येऊन हवेवर आपटतात, त्यातून आणखी कणांचा सडा पडतो, आणि तोच ढगात ठिणगी पेटवायला मदत करत असावा. पण खात्री नाही.

आईचे हात थांबले. "त्यो कन कवा निघालेला?"

"हजारो वर्षांपूर्वी असेल."

"म्हंजी माझी पोर जन्मायच्या बी आदी."

"हो."

"मग वरूनच ठरलं हुतं. कुनाची चूक न्हाई."

इथं धडा अर्धाच झाला होता. ठिणगी वर कशानंही पेटो, खाली उतरताना वीज बहुतेक उघड्या रानातलं उंच काहीतरी गाठते. ट्रॉलीवर उभी असलेली बाई, उदाहरणार्थ. उघड्यावर थांबू नका, उंचावर चढू नका, हे मी सातवीच्या पोरांकडून दरवर्षी घोकून घेतो. आक्काला ते सांगितलं नव्हतं. तिची भीती तेवढी काढून घेतली, आणि तिच्या त्याच भीतीनं तिला पन्नास वर्षं घरात सांभाळलं होतं.

सांगायला मी तोंड उघडलंही. आई माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर मिळालं होतं आणि ते तिला पुरत होतं. सगळं वरूनच ठरतं, या ज्या समजुतीशी आयुष्यभर भांडलो, ती त्या सकाळी माझ्यावर पांघरूण घालायला तयार होती. मी भित्रा माणूस आहे.

"व्हय ना रं?" आईनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो, आणि तिच्यासमोरची जुडी उचलून निवडायला घेतली.